सुरतेचे नाव आणि जाहिरातीचे गाणे

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ओवी, लावणी, पोवाडा आणि भारूड यांना आपापली जागा मिळालेली आहे. जात्यावरच्या ओव्या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून टिपून घेतल्या. वासुदेवाची आणि गोंधळ्यांची पदे संग्रहांत आली. परंतु ज्या पद्यप्रकाराने गेल्या साठ वर्षांत लहानथोरांचे कान सर्वांत अधिक व्यापले, त्या जाहिरातगीताकडे, म्हणजे व्यवहारात सर्वजण ज्याला 'जिंगल' म्हणतात त्याकडे, आमच्या वाङ्मयसेवकांचे लक्ष अभावानेच गेले आहे. माल खपविण्यासाठी रचलेल्या चार ओळींना वाङ्मय कसे म्हणावे, असा संकोच या उपेक्षेच्या मुळाशी असावा. हा संकोच आम्हांस अनाठायी वाटतो. शाहीर बिदागीसाठी पोवाडा गात आणि फडाची गुजराण लावणीवर होत असे. तेवढ्यावरून त्या रचनांचे परीक्षण कोणी टाळले नाही. रचना कशासाठी झाली हा एक प्रश्न. ती कशी झाली आणि तिने भाषेत काय मागे ठेवले हा दुसरा. वाङ्मयाच्या अभ्यासकाचा अधिक संबंध या दुसऱ्या प्रश्नाशी येतो.

प्रस्तुत लेखात हा विचार आम्ही एका शहराच्या आश्रयाने करणार आहोत. ते शहर सुरत. कापड विकणाऱ्या या शहराच्या नावाला चार शतकांत लौकिक मिळाला, दुर्लौकिक मिळाला, आणि पुढे त्याच्या कापडाला स्वतःचे असे नावच उरले नाही. या प्रत्येक वळणावर यमकाचा, गाण्याचा किंवा आरोळीचा संबंध आलेला आहे. जाहिरातगीत एखाद्या नावासाठी नेमके काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

२

मराठी वाचकाला सुरत ठाऊक असते ती बहुधा श्रीशिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्यांमुळे: पहिली जानेवारी १६६४ मधील आणि दुसरी ऑक्टोबर १६७० मधील. या स्वाऱ्या ज्या संपत्तीसाठी झाल्या ती बंदराची आणि व्यापाराची संपत्ती होती. सुरत हे मोगल साम्राज्याचे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर. मक्केचे यात्रेकरू येथूनच जहाजांत बसत. १६१३ मध्ये इंग्रजांनी येथे वखार घातली, मागोमाग डच आणि फ्रेंच आले. वीरजी व्होरासारखा सावकार येथे इतका बलाढ्य होता की, परदेशी कंपन्या त्याच्याकडून कर्ज उचलीत. येथून बाहेर जाणाऱ्या मालात कापडाचे स्थान फार मोठे होते. ते कोणी विणले, कोणी रंगविले, कोणी छापले, हे परदेशी गिऱ्हाइकाला कळत नसे आणि कळण्याचे कारणही नव्हते. शहराचे नाव हीच मालाची खूण होती. 'सुरती' हे विशेषण लागले की सौदा पुरा होई. नाण्यालाही तेच विशेषण लागले आणि 'सुरती रुपया' आमच्या जुन्या हिशेबी कागदपत्रांतून खणखणत राहिला.

घाऊक व्यापाराला गाण्याची गरज नसते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याची दलालांची रीत पश्चिम भारतातील कित्येक पेठांत विसाव्या शतकापर्यंत चालत आली. लाखांचे व्यवहार तोंडातून शब्दही न काढता होत; किंबहुना मुकेपणा हाच त्या व्यवहाराचा प्राण होता. आवाज लागतो तो किरकोळ विक्रीला. तापीकाठच्या थंडीत पोंक विकणारा, म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा विकणारा, आणि चंदी पडव्याला घारीची परात मांडणारा मिठाईवाला यांना वाटेवरचा अनोळखी माणूस थांबवावयाचा असतो. म्हणून त्यांना आरोळी हवी. आरोळीची घडण पाहिली म्हणजे पुढच्या जाहिरातगीताचे बीज तेथे सापडते. आरोळीत मालाचे नाव लांबविलेले असते आणि भाव झटकन उरकलेला असतो. लांबविलेला स्वर दूरच्या माणसासाठी, झटकन उच्चारलेला आकडा जवळच्या माणसासाठी. ही कानांची व्यवस्था फेरीवाल्याला कोणी शिकविलेली नसते.

या शहराने आपल्याविषयी एक यमकही घडविले, आणि तेही कोण्या एका कवीच्या हातून नव्हे. 'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण गुजरातीत सर्वांच्या तोंडी आहे; मराठीतही 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' अशा रूपाने ती ऐकू येते. जाहिरातीच्या दृष्टीने पाहिले तर या म्हणीने केवढे काम केले आहे! एका शहराच्या स्वयंपाकघराला तिने मोक्षपुरीच्या पंक्तीला नेऊन बसविले. भाषांतरात ती टिकली, याचेही कारण आहे. 'जमण–मरण' हे यमक मराठीत 'जेवण–मरण' असे शिल्लक राहते. शेवटचा णकार दोन्ही भाषांत आपले काम करतो. अर्थ तसाच ठेवून ध्वनी हरवला असता, तर ही म्हण तापी ओलांडून आमच्याकडे आली नसती असे आम्हांस वाटते. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

३

नावाला ध्वनीने जसा लौकिक मिळतो तसा दुर्लौकिकही मिळतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लॅंकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा लांब धाग्याचा अमेरिकन कापूस बंद पडला. त्याची जागा हिंदुस्थानच्या कापसाने घेतली. पश्चिम हिंदुस्थानातून जाणारा हा सर्वच कापूस इंग्लंडात 'सुरत' या नावाने ओळखला जाई. तो सुरतेच्या आसपासचा असो, खानदेशातला असो की वऱ्हाडातला असो, तिकडच्या बाजारात तो 'सुरत'च. त्याचा धागा आखूड, त्यात केरकचरा पुष्कळ. माग चालू असता धागा वारंवार तुटे, आणि कापडाच्या मापावर मजुरी मिळणाऱ्या विणकराची मिळकत त्याबरोबर तुटे. उपाशी विणकराचा सारा राग त्या नावावर निघाला.

सॅम्युएल लेकॉक या लॅंकेशायरच्या बोलीभाषेतील कवीने सुरती कापसाच्या विणकरावर गीत रचले आणि ते तिकडच्या मजुरांत लोकप्रिय झाले. देवा, कापूस पाठव पण सुरतेचा नको, अशा आशयाची प्रार्थना एका सभेत झाल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. पुढे 'सुरत' हा शब्द हिणकस आणि भेसळीच्या कोणत्याही मालाला लावला जाऊ लागला; १८६३ मध्ये एका बिअर बनविणाराने आपल्या मालाला 'सुरत' म्हटले म्हणून अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या नावाने दोन शतके मालाची ग्वाही दिली, ते नाव दोन-तीन वर्षांत शिवी होऊन बसले.

या प्रकरणात आमच्या खानदेश-वऱ्हाडच्या शेतकऱ्याचा वाटा आहे, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये. त्याचा कापूस परक्या शहराच्या नावाने गेला आणि परक्या भाषेतल्या गाण्यात बदनाम झाला. या दोहोंपैकी कोणत्याही गोष्टीत त्याचे मत कोणी विचारले नाही. कापूस का तुटत होता, त्याच्या जाती कोणत्या, निवडाई कशी झाली, गाठी बांधताना कोणी काय मिसळले, यांतले काहीच गाण्यात येत नाही. गाण्यात येते ते फक्त नाव. हे गाण्याचे सामर्थ्य आहे आणि हाच त्याचा अन्यायही आहे.

४

ज्याला आज आपण जाहिरातगीत म्हणतो ते नभोवाणीचे अपत्य होय. अमेरिकेत मिनिॲपोलिस येथे २४ डिसेंबर १९२६ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, चार गायकांनी 'व्हीटीज' या न्याहारीच्या पदार्थाचे गुणगान नभोवाणीवर गायिले; अशा प्रकारच्या पहिल्या गीतांत त्याची गणना होते. पुढे तो माल खपेना म्हणून कंपनी तो बंद करण्याच्या विचारात असताना असे दिसून आले की, विकल्या गेलेल्या सुमारे ५३ हजार पेट्यांपैकी अंदाजे ३० हजार पेट्या जेथे ते गीत ऐकू येत होते त्या जोडशहरांतच खपल्या होत्या. त्यानंतर गीत देशभर नेण्यात आले.

आपल्याकडे हा प्रकार आडवाटेने आला. आकाशवाणीवर तेव्हा जाहिरातींना मज्जाव होता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे विद्वान गृहस्थ. शास्त्रीय संगीताच्या प्रतिष्ठेसाठी त्यांनी पुष्कळ केले, पण चित्रपटगीतांना त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून बाहेरची वाट धरावी लागली. श्रोता ती गीते ऐकण्यासाठी रेडिओ सिलोनकडे वळला, आणि सिलोनवर गीतांबरोबर जाहिराती होत्या. १९५२ च्या अखेरीस तेथे सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'मुळे एका दंतमंजनाचे नाव अमीन सयानींच्या आवाजात घरोघरी पोचले. अभिरुचीचे रक्षण करण्यासाठी घातलेल्या कुंपणाने जाहिरातीचा श्रोतृवर्ग तयार केला, असे म्हणावे लागते. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती निघाली. आणि १ नोव्हेंबर १९६७ रोजी तिच्यावर जाहिरातींना प्रवेश मिळाला तो मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. तिन्ही केंद्रे महाराष्ट्रातील. सरकारी नभोवाणीवरील जाहिरातगीताचा भारतातील पहिला श्रोता बहुतांशी मराठी होता, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासात कोठेतरी नोंदली जावयास हवी. दूरदर्शनवर जाहिराती १९७६ च्या जानेवारीपासून आल्या आणि १९८२ मध्ये चित्र रंगीत झाले.

५

आता पुन्हा सुरतेकडे वळू. विसाव्या शतकात जरीकामाच्या आणि रेशमाच्या जुन्या धंद्याच्या शेजारी येथे कृत्रिम धाग्याच्या कापडाचा प्रचंड उद्योग उभा राहिला. यंत्रमागावर विणलेले कोरे कापड, ज्याला व्यापारी 'ग्रे' म्हणतात, एका हातातून दुसऱ्या हातात जाते; रंगाई-छपाईच्या कारखान्यातून रिंग रोडवरील बाजारपेठेत येते; तेथून गठ्ठे बांधून मुंबई, नागपूर, कोलकाता, पाटणा अशा शहरांकडे रवाना होते. दुकानात पोचेपर्यंत त्यावर विणणाराचे नाव नसते. अनेकदा दुकानदारच आपली चिठ्ठी चिकटवितो. सतराव्या शतकात कारागीर निनावी असला तरी शहराचे नाव चढ्या भावाचे होते; आता 'सुरतेची साडी' म्हणजे स्वस्त साडी असा अर्थ रूढ होऊ लागला. कापड सर्वत्र आणि नाव कोठेच नाही, अशी ही अवस्था होती.

या निनावी गर्दीतून ज्या थोड्या कापडांनी आपले नाव वेगळे काढले त्यांत गार्डन सिल्क मिल्सचे 'गार्डन वरेली' अग्रभागी होते. वरेली हे सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातले, कडोदऱ्याजवळचे गाव. गिरणीचा मोठा कारखाना तेथला. एका इंग्रजी शब्दाशेजारी एका गुजराती खेड्याचे नाव बसले आणि त्या जोडनावाला छापील साड्यांच्या जाहिरातींनी देशभर नेले. या नावासाठी संगीत रचणाऱ्यांत वनराज भाटिया होते.

भाटियांची ओळख मराठी रसिकाला 'भूमिका' या १९७७ च्या चित्रपटामुळे असेल. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो आधारलेला होता. १९२७ मध्ये मुंबईत एका कच्छी कुटुंबात जन्मलेल्या या संगीतकाराने लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्यासारख्या गुरूपाशी पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण घेतले. १९५९ मध्ये ते परतले आणि शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला त्यांनी संगीत दिले. भारतात जाहिरातपटाला स्वतंत्र संगीत देणारे ते पहिले, असे मानले जाते. त्यानंतर त्यांनी सात हजारांहून अधिक जाहिरातगीते रचली. 'अंकुर', 'मंथन', 'तमस' आणि 'भारत एक खोज' यांच्या संगीताने ज्यांची कीर्ती झाली, त्यांची उपजीविका पुष्कळ अंशी साड्या, साबण आणि रंग यांच्या नावांना चाली लावून झाली. एका परीने हे जुन्या सुरतेच्या रीतीला धरूनच झाले म्हणावयाचे: उत्तम कारागिरी, आणि कापडाच्या कडेला कारागिराचे नाव नाही.

६

जाहिरातगीताची घडण पाहू. त्याला दहा ते तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात नाव निदान दोनदा यावे लागते, गुण एक सांगावा लागतो, आणि चाल अशी असावी लागते की ऐकणाराला ती न शिकता यावी. म्हणून रचनाकार बहुधा आठ मात्रांच्या आवर्तनाकडे वळतो. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त ज्याला पद्मावर्तन म्हटले, तेच हे आवर्तन. संगीतात केरव्याच्या आठ मात्रा त्याला सोयीच्या पडतात. अंगाईगीत, मुलींची फेराची गाणी आणि आरती यांच्याशी याचे नाते आहे. आपल्या कानाला बालपणापासून जी चाकोरी पडलेली असते तिच्यातून नवे नाव हलकेच आत सोडावयाचे, ही यातली युक्ती.

दुसरी गोष्ट नावाची. गाण्याजोगे नाव उघड्या स्वरात संपले तर गायकाचे काम सुकर होते. 'सिल्क मिल्स' हे शब्द गाऊन पाहावेत. शेवटचे जोडाक्षर दातांत अडकते. 'वरेली'चा शेवटचा दीर्घ ईकार मात्र हवा तितका लांबविता येतो. अहमदाबादेत १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी सुरू केलेल्या 'निरमा'चा आकार, मुंबईत परळला १९५२ मध्ये केशव विष्णु पेंढरकर यांनी स्थापिलेल्या 'विको'चा ओकार, आणि सुरतेत १९२० च्या दशकात अब्बास हजूरी यांनी परदेशी पेयाला स्वदेशी उत्तर म्हणून काढलेल्या 'सोस्यो'चा ओकार, हे सारे त्याच जातीचे. फेरीवाला आपल्या मालाचे नाव ज्या ठिकाणी ताणतो, नेमक्या त्याच ठिकाणी ही नावे ताणता येतात. याला अपवाद आहेत. 'अमूल' हे व्यंजनांत संपणारे नाव जगप्रसिद्ध झाले. परंतु त्याचा प्रसार मुख्यतः भिंतीवरच्या चित्रांनी आणि कोट्यांनी झाला, हेही विसरता येत नाही.

जाहिरातगीत केवळ नाव घोकविते, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. विकोचेच उदाहरण घ्यावे. हळदीची ती क्रीम आयुर्वेदीय आहे, प्रसाधन नव्हे, असा दावा तिच्या प्रसिद्ध गीतात केलेला आहे. हाच प्रश्न कंपनी आणि अबकारी खाते यांच्यातील वादाचा विषय होता, कारण औषध आणि प्रसाधन यांवरील कराचे दर भिन्न होते. तो वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयात कंपनीच्या बाजूने निकालात निघाला. न्यायालयात जो युक्तिवाद चालला होता, तोच चाल लावून मुलांच्या तोंडी खेळत होता. नावाबरोबर मालाची जातही गाण्याने ठरवावी, याचे याहून ठळक उदाहरण आम्हांस आठवत नाही.

७

आता भाषेचा प्रश्न. जी गीते मराठीत ऐकू आली त्यांपैकी पुष्कळ मूळ हिंदीत रचलेली आणि त्याच चालीवर मराठीत बसविलेली होती. येथे सुरतेच्या म्हणीची आठवण ठेवावी. हिंदीतील 'है' हे एकाक्षरी गुरू क्रियापद चालीच्या शेवटच्या टाळीवर सहज बसते. मराठीतील 'आहे' दोन अक्षरांचे आणि चार मात्रांचे. टाळी कोठे द्यावी, पहिल्या अक्षरावर की दुसऱ्या, हा पेच प्रत्येक वेळी पडतो. त्यातून क्रियापद गाळण्याची युक्ती निघते आणि वाक्य नामांची माळ होऊन बसते. मराठीची तीन लिंगे, त्यांना अनुसरून बदलणारी विशेषणे, हिंदीत जुळणारी पण मराठीत सुटणारी यमके, या सर्वांशी भाषांतरकाराला तीस सेकंदांत झगडावे लागते. कोणी कुशल रचनाकाराने मूळ गीत बाजूस सारून मराठीच्या स्वभावाने नवे रचले, तर ते कानाला परके वाटत नाही. अन्यथा मराठी शब्दांत हिंदी वाक्य ऐकण्याची सवय कानाला लागते. आजच्या मराठी बोलण्यात जी हिंदी वाक्यरचना शिरली आहे तिचा दोष आपण चित्रपटांना देतो. जाहिरातगीताचा त्यातील वाटा कोणी मोजलेला नाही.

हा प्रश्न सुरतेत आणखी एका अर्थाने जिवंत आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी-खोऱ्याची रेल्वे सुरतेहून अमळनेरापर्यंत पोचली आणि ज्या वाटेने खानदेशचा कापूस गेला त्याच वाटेने पुढे खानदेशची माणसे गेली. आज उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी आणि अहिराणी बोलणारी वस्ती फार मोठी आहे. महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालविते. सुरतेची साडी ज्या मागांवर विणली जाते त्यांतील कित्येक माग या हातांनी चालतात. त्या साडीचे गुणगान मात्र त्यांनी ऐकले ते हिंदीत किंवा गुजरातीत. १८६३ मधील वऱ्हाडच्या शेतकऱ्यापेक्षा त्यांची स्थिती पुष्कळ बरी खरी; तरी मालात हात आपला आणि गाण्यात भाषा दुसऱ्याची, एवढे साम्य उरतेच.

८

ज्यांनी ही गीते रचली त्यांचे काय झाले, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, कारण कालौघात तो विसरला जातो. जाहिरातगीताचा कर्ता पहिल्या दिवसापासून अज्ञात असतो, कारण त्याचे नाव सांगण्याची सोयच त्या प्रकारात ठेवलेली नाही. तीस सेकंदांत मालाच्या नावाला जागा आहे, कवीच्या नावाला नाही. भावगीतांनी आणि मालिकांच्या शीर्षकगीतांनी मराठी घरांत परिचित झालेले अशोक पत्की यांनी हजारो जाहिरातगीतांना चाली दिल्या. त्यांतील किती चाली त्यांच्या आहेत म्हणून श्रोते ओळखतात?

कायद्यानेही नावाची बाजू घेतली आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली ध्वनीची नोंद करता येते. २००८ मध्ये याहू या कंपनीच्या आरोळीवजा स्वराची नोंद झाली, ती या देशातील पहिली ध्वनिचिन्ह-नोंद मानली जाते, आणि पुढे आयसीआयसीआय बँकेच्या धूनलाही तो मान मिळाला. २०१७ च्या नियमांप्रमाणे अशा नोंदीसाठी तीस सेकंदांपर्यंतचे ध्वनिमुद्रण आणि त्याचे स्वरलेखन द्यावे लागते. जात्यावरच्या ओवीचे स्वरलेखन करावयास आम्हांस विद्वान मिळेनात. चालीच्या स्वरलेखनाची सक्ती अखेर व्यापारचिन्हांच्या कार्यालयाने केली! नोंद होते ती मालकाच्या नावाने. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनावरील हक्क बळकट झाला. परंतु ज्यांनी आयुष्याचा मोठा भाग त्यापूर्वी ठोक मोबदल्यावर काम केले त्यांना त्याचा उपयोग बेताचाच. वनराज भाटियांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१९ मध्ये त्यांच्या आर्थिक विपन्नतेच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. ७ मे २०२१ रोजी ते निवर्तले. सात हजार नावे ज्याने लोकांच्या ओठांवर बसविली, त्याच्या वृद्धापकाळी त्या नावांपैकी किती त्याच्या कामी आली, हा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

आणि ज्या नावासाठी ही खटपट झाली त्याचे तरी काय झाले? गार्डन सिल्क मिल्स २०२० मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२१ मध्ये चटर्जी समूहातील कंपनीच्या हाती आली. सोस्योच्या धंद्यात २०२३ मध्ये रिलायन्सने अर्धा वाटा घेतला. मालक बदलतात, नावे विकली जातात. चाल मात्र ज्यांनी लहानपणी ऐकली त्यांच्या कानांत राहते आणि तिचा सौदा कोणाला करता येत नाही.

९

जाहिरातगीताचे सामर्थ्य सांगताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि तीही सुरतेनेच दाखविली आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आल्याची वार्ता पसरली. लाखो माणसे शहर सोडून गेली आणि सुरतेचे नाव जगभर घाणीचे उदाहरण म्हणून घेतले जाऊ लागले. लॅंकेशायरच्या विणकरांनी केले नसेल एवढे नुकसान आठ दिवसांच्या बातम्यांनी केले. ते नाव कोणत्याही गीताने धुऊन निघाले नाही. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव आणि त्यांच्या हाताखालचे सफाई कामगार यांनी रोज रस्ते झाडून, अतिक्रमणे हटवून आणि गटारे उपसून दोन वर्षांत शहराची कळा पालटली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेला देशात पहिले स्थान मिळाले. धागा तुटत राहिला तर कोणतीही चाल विणकराला समजावू शकत नाही, आणि रस्ता स्वच्छ असेल तर त्याला चाल लावावी लागत नाही. गाणे नाव पोचविते. नाव टिकते ते कामावर.

तथापि पोचविण्याचे हे काम हलके नाही, आणि ज्यांनी ते केले त्यांच्या रचना नष्ट होऊ देणे हे भाषेच्या दृष्टीने नुकसानीचे आहे. विविधभारतीच्या पहिल्या वर्षांतील ध्वनिफिती, मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांतील वह्या, भाषांतरकारांनी काटछाट केलेले कागद, यांना कोणी वाली नाही. मराठी वाङ्मयसंस्थांनी निदान एवढे करावे: १९६७ पासूनच्या मराठी जाहिरातगीतांची सूची तयार करावी, आणि हयात असलेल्या गीतकार, संगीतकार व गायक यांच्याकडून प्रत्येक गीतापुढे कर्त्याचे नाव नोंदवून घ्यावे. त्याचबरोबर अमळनेर, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली आणि सुरत या एकाच रेल्वेवाटेवरच्या बाजारांतील आरोळ्या, त्या त्या बोलीत, स्वरलेखनासह टिपून घ्याव्यात. ध्वनिक्षेपक लावलेल्या हातगाड्यांनी त्या आरोळ्या झपाट्याने बुजत चालल्या आहेत. पुढील पिढीच्या अभ्यासकाला फेरीवाल्याचा कंठ आणि जाहिरातगीताची चाल शेजारी ठेवून पाहता येण्यासाठी हे काम हाती घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.